दहा मिनिटं पुढचं ऊन

जानेवारीतल्या भर दुपारी, आभाळात ढगाचा तुकडाही नसताना, मुलुंडच्या बाजारातून काळी छत्री उघडून जाणारा एक किडकिडीत माणूस दिसला, की नवीन लोक आधी वर बघायचे आणि मग त्याच्याकडे. जुने लोक बघत नसत, त्यांना सवय झाली होती. "काका, पाऊस नाही हो," असं कोणी म्हणालंच, तर काका न थांबता उत्तर द्यायचे, "पावसाने कोणाची कातडी भाजल्याचं मी तरी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंय?" समोरचा काय बोलावं याचा विचार करेपर्यंत छत्री भाजीबाजाराच्या वळणावर पोचलेली असायची.

काका आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा सहायक होते. मुलांना लोलक आणि भिंगं काढून द्यायची, परत मोजून घ्यायची, हे त्यांचं पगाराचं काम. मनाचं काम गच्चीवर होतं. गच्चीवर जिन्याची खोली, तिला बाहेरून लावलेली लोखंडी शिडी, आणि शिडी चढून गेलं की चार पलंग मावतील एवढा उघडा स्लॅब. सगळं कॉलेज त्याला 'काकांचा मजला' म्हणायचं. या मजल्यावर वीतभर उंच सिमेंटच्या ठोकळ्यावर तांब्याएवढा पांढरा डबा बसवलेला होता आणि डब्यावर अर्ध्या लिंबाएवढी पारदर्शक घुमटी. उन्हातले अतिनील किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसता कातडी करपवतात ते, हे यंत्र दर मिनिटाला मोजायचं आणि शेजारच्या पेटीतला लॉगर तो आकडा वेळेसकट लिहून ठेवायचा. पंधरा वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रकल्पातून हे यंत्र आलं. प्रकल्प संपला, तो आणणारे प्राध्यापक परदेशी गेले. यंत्र राहिलं आणि काका राहिले.

मी एम.एस्सी. झाल्यावर घाटकोपरहून तिथे प्रकल्प सहायक म्हणून रुजू झाले. दोन वर्षांचं काम होतं आणि कागदावर अगदी सोपं दिसत होतं. जमिनीवरचं यंत्र काय म्हणतं, उपग्रह काय म्हणतो आणि संगणकातलं मॉडेल काय म्हणतं, या तिघांची तुलना करायची. काकांनी पहिल्याच दिवशी मला शिडीवरून वर नेलं आणि तिघांची ओळख करून दिली.

"उपग्रह म्हणजे जावई," ते म्हणाले. "दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमाराला येणार. क्षणभर टेकणार आणि घर कसं चाललंय यावर मत देऊन जाणार. मॉडेल म्हणजे पंडित. तो येतच नाही. घरी बसून सांगतो, सूर्य इतका वर, ओझोन इतका, धूळ इतकी, म्हणजे ऊन इतकं असायलाच पाहिजे. आणि ही..." त्यांनी घुमटीकडे बोट दाखवलं, "ही घरची बाई. दिवसभर उन्हात उभी. आता तिघांत कोणाचं ऐकायचं ते तू सांग."

"घरच्या बाईचं," मी लगेच म्हणाले. मला वाटलं, खूश होतील.

"तसं नाय गो. घरची बाईसुद्धा चुकते. नाहीतर तुला कशाला आणलं असतं?"

काका मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. बोलणं मुंबईचं, पण आनंद किंवा राग अनावर झाला की मालवणी बाहेर यायची. मी त्यांना दोन दिवस सर म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. "सर म्हणजे शिकवणारा. मी मोजणारा. मोजणाऱ्याला लोक काका म्हणतात." मोजणाऱ्याला काका म्हणतात हा नियम त्यांनी कुठून काढला कोण जाणे, पण मी तो पाळला.

त्यांचे नियम पुष्कळ होते. वर चढल्यावर यंत्राच्या दक्षिण बाजूला पाऊल टाकायचं नाही, सावली पडते. यंत्राशी मोठ्याने बोलायचं नाही. याचं कारण मी विचारलं तर म्हणाले, "यंत्राला काही नाही होत. मला त्रास होतो." रोज सकाळी घुमटी पुसायची, ती वडिलांच्या जुन्या मलमलच्या धोतराच्या तुकड्याने आणि डिस्टिल्ड पाण्याने. तो तुकडा ते खिशातल्या स्टीलच्या डबीत ठेवत. एकदा मी चष्मा पुसायला तो मागितला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तेव्हापासून चष्मा ओढणीनेच पुसत आले. कबुतरांशी त्यांचं उघड वैर होतं. घुमटीभोवती त्यांनी छत्रीच्या तारा रोवल्या होत्या, पण एक लंगडं कबुतर बरोबर त्या तारांच्या मधे उतरायचं. काका त्याच्यावर हात उगारायचे, शिव्या घालायचे, आणि सकाळी त्याच्यासाठी खिशातून ज्वारी आणून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला टाकायचे. "लाच आहे ती," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा काढला की काका तो वहीत उतरवायचे, निर्देशांकात, म्हणजे ऊन किती भाजेल त्या पट्टीवर, बसवायचे आणि संध्याकाळी घरी जाताना बाजारात सांगत सुटायचे. मुलुंडच्या भाजीबाजारात एक आजी पालेभाजी घेऊन उघड्यावर बसायच्या. त्या काकांना विचारायच्या, "आज किती?" काका म्हणायचे, "आज नऊ. उद्याही तेवढाच. ताडपत्री बांधा." आजी दुसऱ्या दिवशी ताडपत्री बांधायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, नऊ म्हणजे काय ते माहीत आहे का. "नाय बाय," त्या म्हणाल्या, "पन हा मानूस पंधरा वर्सं सांगतोय. खोटं सांगून त्याला काय मिळनार?" मी पुढे दोन वर्षं विश्वासार्हता या विषयावर बरंच वाचलं, पण याहून सोपी व्याख्या मला कुठे मिळाली नाही.

आणि काकांना उशीर खपत नसे. मी दहाच्या ठोक्याला पोचले तरी ते मनगट वर करून म्हणायचे, "नऊ मिनिटं उशीर." कधी दहा, कधी अकरा. मी मोबाईल दाखवायचे. "मोबाईलला टॉवर सांगतो. टॉवरला कोण सांगतो?" त्यांच्या मनगटावर वडिलांचं किल्लीचं स्टीलचं घड्याळ होतं आणि कॉलेजची घंटा त्या घड्याळाच्या मानाने रोज मागे असायची. काका व्हरांड्यात उभे राहून घंटा देणाऱ्या शिपायाला म्हणायचे, "पोरांची दहा मिनिटं खाल्लीस." तो शिपाईही पक्का होता. "काका, तुमचं आणि पृथ्वीचं टायमिंग जमत नाही त्याला मी काय करू?" आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे, आणि माझ्या कामाचा सगळ्यात मोठा धागा रोज माझ्या नाकासमोर लोंबत होता हे मला वर्षभर कळलं नाही.

माझं दुसरं वर्ष सुरू झालं आणि कॉलेजने गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. सगळ्या गच्चीवर, जिन्याच्या माथ्यासकट. विभागप्रमुख मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मॅडम सरळ बाई, काकांना मान देणाऱ्या, पण वरून आलेलं पत्र त्यांच्या हातात होतं.

"काका, उपग्रहाचे आकडे कोणालाही फुकट मिळतात," त्या म्हणाल्या. "लोक मला विचारतात, मग हे यंत्र कशाला? आणि तुम्ही सहा महिन्यांत रिटायर होताय. नंतर बघणार कोण?"

"ही बघेल," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

"तिचाही प्रकल्प वर्षभरात संपतोय. हे बघ," मॅडम मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात समिती बसेल. बाहेरून एक तज्ज्ञ येतायत. तू तुझी तुलना त्यांच्यापुढे मांड. यंत्राचे आकडे विश्वासाचे ठरले तर तो स्लॅब मी वाचवेन, माणूसही मागून घेईन. नाही ठरले तर माझ्या हातात काही राहत नाही."

काका उठले. वर गेले आणि त्यांनी घुमटी पुन्हा पुसली. दिवसातून दोनदा ती पुसलेली मी पाहिली नव्हती. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला, घरी काकू आणि ते. या माणसाचं निम्मं आयुष्य त्या चार पलंगांच्या जागेत होतं आणि ते वाचवायचं काम माझ्या लॅपटॉपवर येऊन पडलं होतं.

उपग्रहाचं कोडं मी त्याआधीच बरंचसं सोडवलं होतं. जावईबापू नेहमी जास्त सांगायचे. दुपारी दीडला ते म्हणणार ऊन एवढं, आणि आमची घुमटी म्हणणार, छे, कमी आहे. पण पाऊस थांबून आभाळ धुऊन निघालेल्या दिवशी दोघांचं जवळजवळ जमायचं. हिवाळ्यात, भोवतालच्या टॉवरांची बांधकामं आणि साकीनाक्याकडून येणारा धुरळा हवेत तरंगत असला, की फरक वाढायचा. वरून बघणाऱ्याला जमिनीलगतची ती धूळ नीट कळत नाही आणि ती धूळ अतिनील किरण खाते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जावयाला स्वयंपाकघरातला धूर कसा दिसणार?" मी ते वाक्य अहवालात घालायचा मोह मोठ्या कष्टाने आवरला.

पंडिताचं मात्र जमेना. धूळबिळ सगळी मॉडेलमध्ये घातली, तरी तासातासाचे आकडे शेजारी ठेवले की यंत्र सकाळी मॉडेलपेक्षा कमी दाखवायचं आणि दुपारनंतर जास्त. रोज हेच. मला वाटलं, यंत्र पश्चिमेला कललं असेल. पाणसळ लावून बघितली, बुडबुडा बरोबर मधे. मला वाटलं, पूर्वेच्या नव्या टॉवरची सावली असेल. सकाळी जाऊन उभी राहिले, सावली आमच्यापर्यंत पोचतच नव्हती. एका दुपारी कंटाळून मी पडद्यावर यंत्राची रेघ माउसने धरली आणि डावीकडे थोडी सरकवली. ती मॉडेलच्या रेघेवर अशी जाऊन बसली की खालची दिसेनाशी झाली. किती सरकवली ते बघितलं. दहा मिनिटं.

दहा मिनिटं बघितल्यावर मला शिपाई आठवला, घंटा आठवली, आणि माझे वर्षभराचे सगळे उशीर आठवले. लॉगरचं घड्याळ दर सोमवारी लावावं लागे. ते काका लावत. मनगटावरच्या घड्याळावरून.

पंधरा वर्षांत हे कोणाच्या लक्षात न यायचं कारण साधं होतं. आजवर सगळ्यांनी दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा आणि दिवसाची बेरीज एवढंच वापरलं होतं. सगळ्यात मोठा आकडा किती वाजता आला याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं. तासातासाची तुलना करणारी मी पहिलीच.

दोन दिवस मी गप्प बसले. भीती काकांच्या रागाची नव्हती. माझ्या लक्षात एक वाईट गोष्ट आली होती. घड्याळ पुढे असल्यामुळे आमच्या नोंदीतले 'दीड वाजताचे' आकडे खरे एक वीसचे होते, तेव्हा सूर्य थोडा वर असतो, म्हणून ते आकडे थोडे जास्त होते. म्हणजे उपग्रहाच्या जवळ होते. वेळ दुरुस्त केली की आमचं आणि उपग्रहाचं अंतर आणखी वाढणार. समितीपुढे ही चूक न सांगता गेलं, तर यंत्र उलट चांगलं दिसणार होतं. आणि मी सांगितलं नाही तर जगात कोणाला कळणार नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला, एकदा नाही, पुष्कळदा आला, हे मी कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका घुमटी पुसत असताना मी वर गेले आणि सगळं सांगून टाकलं.

काकांचा हात थांबला. "माझा घड्याळ चुकता?"

"चुकत नाही काका. पुढे आहे. दहा मिनिटं. कधी आठ, कधी बारा."

"तुका कोणी सांगितला?"

"यंत्राने."

त्यांनी मलमलच्या तुकड्याच्या घड्या घालून तो डबीत ठेवला. मग म्हणाले, "माझा बाप परळला गिरणीत होता. भोंगा झाला की दार बंद. एक मिनिट उशीर म्हणजे अख्ख्या दिवसाचा खाडा. म्हणून त्याने हे घड्याळ पुढे ठेवलं, घरात तेच एक. आम्ही त्याच्यावर उठलो, त्याच्यावर जेवलो, त्याच्यावर शाळेत गेलो. तो गेल्यावर हे घड्याळ माझ्याकडे आलं, आणि मी ते तसंच लावत गेलो. थोडं पुढे. हाताला सवय. यंत्र बसवायला इंजिनीअर आला होता, त्याने विचारलं, टाइम काय झाला? मी मनगट वर केलं." ते थांबले. "मला कधी वाटलंच नाही गो की हे पुढे आहे. मला वाटायचं, जग मागे आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून काका वैतागले. "रडतंस कित्याक? वह्या वाया गेल्या का, ते सांग आधी."

मी सांगितलं, पुढे किती होतं ते प्रत्येक आठवड्याचं नेमकं कळलं असतं तर सगळं दुरुस्त करता आलं असतं, पण ते आता कसं कळणार. आणि ती उपग्रहाची वाईट गोष्टही सांगितली, की दुरुस्त केलं तर फरक वाढतोय, आणि न करता समितीपुढे गेलो तर...

"तर?" काकांनी विचारलं.

"तर काही नाही," मी म्हणाले.

"वाढतोय तर वाढू दे. जावयाला बरं वाटावं म्हणून घरातला धूर लपवायचा नसतो. रविवारी भांडुपला ये."

रविवारी गेले. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या हातात पन्ह्याचा ग्लास देऊन आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. काकांनी पलंगाखालून एक गाठोडं ओढून काढलं होतं. त्यात पंधरा वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं. "रद्दीवाला आमच्या दारात थांबत नाही आता," काकू म्हणाल्या. "त्याला माहीत झालंय, या घरातून कागद बाहेर पडत नाही."

प्रत्येक तारखेच्या चौकोनात काकांच्या बारीक अक्षरात एकेक शब्द होता. ऊन. आभाळ. धुरकट. लख्ख. आणि त्याच कॅलेंडरवर मुंबईच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि मला कळलं ते काय म्हणतायत. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मध्यावर सूर्य माथ्यावर येतो. मुंबईत तो बाराला येत नाही, साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे येतो, कारण आपलं घड्याळ पार मिर्झापूरकडच्या सूर्यावर लावलेलं आहे. आता लख्ख दिवस निवडायचा. यंत्राने सकाळी जो आकडा दाखवला तोच दुपारनंतर किती वाजता दाखवला ते बघायचं, दोन्ही वेळांचा मध्य काढायचा. तो कॅलेंडरच्या मध्यापेक्षा जितका पुढे, तितकं त्या आठवड्यात काकांचं घड्याळ पुढे.

पुढचे तीन रविवार आम्ही तेच केलं. काका चौकोनातला 'लख्ख' शोधायचे आणि वेळा मोठ्याने वाचायचे, मी लॅपटॉपवर मध्य काढायचे, काकू मधूनमधून काकडीचं धोंडस आणून द्यायच्या. "साडेआठ मिनिटं," मी म्हणायचे. "गणपतीचा आठवडा," काका म्हणायचे, "गावाला जाऊन आलेलो, किल्ली द्यायला विसरलो असणार." "बारा." "हां, तेव्हा साहेबांची इन्स्पेक्शन होती, मी भलताच सावध होतो." स्वतःच्या चुकांमध्ये एवढा रमलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पावसाळ्यातल्या ज्या आठवड्यांना लख्ख दिवसच मिळाला नाही, ते त्यांनी सोडून द्यायला लावले. मी म्हणाले, आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने भरू. "अंदाज पंडिताने करायचा," ते म्हणाले. "आपण मोकळं सोडायचं."

समितीचा दिवस आला. मी तयारी जोरात केली होती, पण घड्याळाचं प्रकरण मी एका वाक्यात, तळाशी, बारीक अक्षरात ठेवलं होतं. 'नोंदींच्या वेळेत आवश्यक दुरुस्ती केली आहे.' काकांची बदनामी नको, असं मी स्वतःला समजावलं होतं. बाहेरचे तज्ज्ञ गृहस्थ शांत होते आणि हुशार होते. त्यांनी धुळीचं सगळं ऐकून घेतलं, धुतलेल्या दिवसांची रेघ दोनदा दाखवायला लावली, मान हलवली. मग बोट बरोबर त्या तळाच्या वाक्यावर ठेवलं.

"ही दुरुस्ती कसली?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून काका उभे राहिले.

"ती चूक माझी," ते म्हणाले. "या मुलीची नाही, यंत्राची नाही. पंधरा वर्षं मी लॉगरचं घड्याळ माझ्या घड्याळावर लावलं. माझं घड्याळ पुढे होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. गिरणीचा भोंगा सोडून सगळं. तो त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

तज्ज्ञांनी कागद चाळले. "दुरुस्त केल्यावर उपग्रहाशी फरक वाढलाय."

"वाढलाय."

"बोलला नसता तर कोणाला कळलं नसतं."

"होय, साहेब."

"मग मला एक सांगा. ज्या माणसाचं घड्याळ पंधरा वर्षं चुकलं, त्याच्या यंत्रावर मी विश्वास का ठेवू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं सगळं. काकांनी मात्र जराही वेळ घेतला नाही.

"चूक त्या घुमटीनेच दाखवली म्हणून," ते म्हणाले. "माझं घड्याळ चुकतंय हे मला घरच्यांनी सांगितलं नाही, कॉलेजने हसण्यावारी नेलं. तिने दर मिनिटाला सूर्य जसा होता तसा लिहिला, म्हणून माझी चूक मिनिटाच्या हिशोबात पकडता आली. मी खोटा ठरलो तो ती खरी होती म्हणून. उपग्रह दिवसातून एकदा येतो साहेब. त्याने मला कधी पकडलं असतं?"

तज्ज्ञ हसले. मोठ्याने नाही, पण हसले, आणि त्यांनी ती कॅलेंडरं बघायला मागितली. काकांनी ती आणलेलीच होती, पिशवीत, सुतळीने बांधून. पुढचा अर्धा तास समितीतले तीन मोठे लोक टेबलावर कॅलेंडरं पसरून 'लख्ख' शोधत होते. मला काकांचा फार अभिमान वाटला आणि माझ्या त्या बारीक अक्षरांची तितकीच लाज वाटली. संध्याकाळी ते वाक्य खोडून मी अख्खं पान लिहिलं.

जिन्याचा माथा वाचला. मॅडमनी शब्द पाळला. मला आणखी तीन वर्षांचं काम मिळालं आणि काकांना निवृत्तीनंतरही वर यायची लेखी परवानगी. त्या लेखी परवानगीवर काका फार हसले. त्यांच्या मते मजला त्यांचाच होता, परवानगी द्यायचीच होती तर ती मला द्यायला हवी होती.

पॅनेल बसवायला माणसं आली तेव्हा काकांची नोकरी संपून आठवडा झाला होता. ते आलेच. खाली गच्चीवर लोखंडी सांगाडे उभे राहत होते. सुपरवायझरने वर मान करून विचारलं, "काका, जिन्याला लागून अजून एक लाइन बसते. टाकू का? नाहीतर चार पॅनेल परत न्यावी लागतील."

मला वाटलं, आता इथे रण माजणार. काकांनी त्याला एक पॅनेल सांगाड्यावर त्या जागी नुसतं टेकवून ठेवायला सांगितलं, आणि ते यंत्राच्या मागे, तापलेल्या स्लॅबवर पालथे पडले. हनुवटी दोन मुठींवर ठेवली, डोळे बरोबर घुमटीच्या उंचीला आणले. "ये," ते मला म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत. बघ, कड वर येते का?"

मीही पालथी पडले. स्लॅब भाजत होता. कोपरांखाली मी ओढणी घेतली आणि समोर बघितलं. लांबवर येऊरचे डोंगर, त्यांच्या अलीकडे टॉवर, आणि पॅनेलची कड त्या सगळ्यांच्या कितीतरी खाली.

"नाही येत काका. डोंगराच्याही खाली आहे."

"आणि वर?"

"वर आकाशच आहे. सगळं."

"मग लावू दे त्यांना. चार पॅनेल कशाला परत न्यायची?"

मी उठून बसले. काका उठेनात. तसेच पडून हळूहळू मान फिरवत राहिले, पूर्वेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून पश्चिमेकडे. मी त्यांना उठवायला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब गो जरा. पंधरा वर्षं हिचे आकडे लिहिले. ही दिवसभर काय बघते, ते आज बघतोय."

खालून सुपरवायझर विचारत होता, टाकू का लाइन. मी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि काकांच्या शेजारी पुन्हा पालथी पडले.